औंढेकरीण

"कोणाची नोंद पाहायची आहे?"

"माझ्या आईच्या आईची. मृत्यूची नोंद."

"नाव सांगा."

"तेच तर शोधायचंय."

फोनवर पुण्याच्या दप्तरखान्यातला माणूस अगदी सभ्यपणे म्हणाला, "मॅडम, अर्जात मयताचं नाव हा रकाना रिकामा ठेवता येत नाही."

"अहो, नाव माहीत असतं तर मी अर्ज कशाला केला असता?"

"ते बरोबर आहे तुमचं. पण नावाशिवाय अर्ज घेता येत नाही."

मी तळेगावच्या शाळेत गणित शिकवते. ज्याचं उत्तर आधी सांगितल्याशिवाय प्रश्नच वाचायला मिळत नाही असलं गणित मी आजवर एकाही मुलाला घातलेलं नाही. मी फोन आपटला. समोर आई वालपापडी निवडत बसली होती.

"काय म्हनला?"

"नाव घेऊन या म्हणाला."

"आता गं बया," आई म्हणाली आणि पुढची शेंग उचलली. तिचं हे असंच. आग लावायची आणि शेंगा निवडत बसायचं.

आईचं नाव कस्तुराबाई. वय शहात्तर, गुडघे सोडले तर बाकी सगळं ठणठणीत. वडील गेल्यापासून माझ्याकडे असते. तिचं माहेर नाणे मावळातलं करंजगाव. ती जन्मली आणि बाराव्याच्या आत तिची आई गेली. ती आई मूळची लोणावळ्याजवळच्या औंढ्याची, म्हणून करंजगावात तिला सगळे औंढेकरीण म्हणायचे. आमच्याकडे सुनांना अशीच हाक असायची, ही कामशेतकरीण, ती वडगावकरीण. सासूला नावाची गरज नाही, नवऱ्यानं तर बायकोचं नाव घ्यायचंच नाही. त्यातून ही वर्ष-दीड वर्ष नांदली आणि गेली. नाव कुणाच्या तोंडात बसायला वेळच मिळाला नाही.

आजोबांनी दुसरं लग्न केलं. दुसरी आजी भली बाई होती. आधीची बायको गेलेली असली की तिच्या नावाचा चांदीचा टाक करून देव्हाऱ्यात ठेवतात, तसा तिनं ठेवला. सणावाराला पहिला नैवेद्य त्या टाकाला, मग आपण जेवायचं. पण तीही त्या टाकाला नुसतं 'बाई' म्हणायची. ती गेल्यावर टाक आईकडे आला. आता तो माझ्या देव्हाऱ्यात असतो. अंगठ्याच्या नखाएवढा पत्रा, वर बाईचा मुखवटा, पण घासून घासून नाकडोळे कधीच गेलेत.

हे सगळं असंच चाललं असतं. पण गेल्या वर्षी पितृपक्षात अविधवा नवमीला आईनं नेहमीप्रमाणे एक सवाष्ण जेवायला बोलावली. आमच्या सोसायटीत नव्यानं आलेली मुलगी होती, चैताली नावाची. तिनं पानावर बसता बसता सहज विचारलं, "आजी, कुणाच्या नावानं जेवू घालताय?"

"माज्या आयच्या."

"काय नाव होतं त्यांचं?"

आईच्या हातात खिरीची वाटी होती. ती तशीच धरून ती उभी राहिली. चैतालीला कळलं की आपण काहीतरी भलतं विचारलं, आणि ती बिचारी पटापट जेवून गेली. भांडी आवरताना आई मला म्हणाली, "राजू, म्हशीला नाव हाय, कुत्र्याला नाव हाय. माज्या आयला तेवडं न्हाई. म्या बाला येकदा इचारलं व्हतं ल्हानपनी, तर त्यो उटून गोठ्यात गेला. पुढच्या नवमीला मला तिच्या नावानं पान वाडायचंय. तेवडं शोधून दे."

माझ्या आईनं आजवर माझ्याकडे साधं लुगडंही मागितलेलं नाही. त्यामुळे हे मागणं माझ्या डोक्यात जे बसलं ते बसलंच.

पण शोधायचं कुठं? माझी जुनी सहकारी पद्मजा निवृत्त होऊन तुंगार्लीला तळ्याकडे राहते. निवृत्तीनंतर तिनं तीन महिन्यांचा मोडी लिपीचा वर्ग केला आणि तेव्हापासून ती वाचायला कागद शोधत असते. तिनंच सांगितलं, की मावळातल्या गावांची जुनी, मोडीत लिहिलेली जन्ममृत्यूची बुकं फार पूर्वी फिल्मवर उतरवून ठेवली आहेत. पानांचे बारीक फोटो, लांबलचक पट्टीवर. ती पट्टी यंत्रात घालायची, चाक फिरवायचं, की पडद्यावर पानं दिसतात. रिळं पुण्यात आहेत. "तू फक्त तारीख ठरव," ती म्हणाली, "वाचायचं मी बघते."

फक्त तारीख ठरव! ती तारीख ठरवता ठरवता माझ्या नाकी नऊ आले.

आधी तो नावाचा रकाना. शेवटी पद्मजाच म्हणाली, "अज्ञात लिही आणि खाली गाव अन् साल टाक, घेतील." मी लिहिलं. आई शेजारी बसून बघत होती.

"काय लिवलंस?"

"अज्ञात. म्हणजे माहीत नाही असं."

"बेवारस मड्याला लिवत्यात तसं?"

अर्ज घेतला गेला, पण यंत्र एकच, आणि त्याचा दिवा गेला होता. दिवा कधी येईल? मागवलाय. जुलै गेला. मग दिवा आला तर माझा भाऊ संदेश मधे आला. संदेश कंपनीत सुपरवायझर आहे, मोठी गाडी त्याच्याकडे आहे, आणि आईला माझ्या छोट्या गाडीत पाय लांब करता येत नाहीत. त्याला फक्त शनिवार चालणार होता. शनिवारी दप्तरखाना बंद, आणि उघडा असता तरी पावसाळ्यातल्या शनिवारी तुंगार्लीतून बाहेर पडणं पद्मजाला अशक्य, कारण सगळी मुंबई आणि सगळं पुणं तेव्हा लोणावळ्याच्या रस्त्यावर मक्याची कणसं खात उभं असतं. मग मी एक गुरुवार धरला. तर त्या दिवशी अमावास्या निघाली.

"अवसंला मेलेल्या मानसाला शोधायला जात्यात का?" आई म्हणाली.

"मग पौर्णिमेला जिवंत होणार आहे का ती?" मी म्हणाले. माझी जीभ ही अशी. आईनं माझ्याशी दोन दिवस बोलणं टाकलं.

पुढचा गुरुवार. संदेशनं शब्द दिला, रजा टाकली, आणि सकाळी फोन केला. "ताई, मला नाही जमत. आणि मला एक सांग, हे सगळं कशासाठी चाललंय? मेलेल्या बाईचं नाव कळून काय मिळणार आहे?"

"तुला नाही कळायचं," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

पद्मजाची लोकल उशिरा आली. ती गाडीत बसली तरी आई सोसायटीच्या फाटकाजवळच उभी. "तिघी जायचं न्हाई कामाला," ती म्हणाली. "तीन तिगाडा, काम बिगाडा." मी स्टीअरिंगवर डोकं टेकवलं. आईनं रस्त्याच्या कडेचा एक दगड उचलला, पदरानं पुसला आणि मागच्या सीटवर आपल्या शेजारी ठेवला. हा चौथा.

संदेशच्या जागी दगड. फारसा फरक पडला नाही.

दप्तरखान्यात एका खोलीत ते यंत्र होतं, जुन्या टीव्हीसारखं. आई गांधीबाबा गेले त्याच्या पुढच्या सालातली, म्हणजे एकोणीसशे एकोणपन्नास. करंजगावचं ते साल पडद्यावर आलं आणि पद्मजानं वाचायला सुरुवात केली. तीन महिन्यांच्या वर्गात काय शिकवतात ते मला तेव्हा कळलं. एकेका ओळीला ती चष्मा काढायची, घालायची, बोटानं हवेत अक्षर गिरवायची. पटकी. ताप. सर्पदंश. म्हातारपण. मी चाक फिरवत होते आणि माझा खांदा भरून आला होता. एकोणपन्नास संपलं. आईच्या सांगण्यात चूक असेल म्हणून अठ्ठेचाळीस आणि पन्नासही काढलं. औंढेकरीण सोडा, बाळंतपणात गेलेली एकही बाई त्या सालांत करंजगावात नव्हती.

"नाही," पद्मजा म्हणाली. "सापडत नाही गं."

मी आईकडे वळले. ती भिंतीकडेच्या खुर्चीत डबा मांडीवर घेऊन बसली होती. "आई, तू नक्की एकोणपन्नासची ना? करंजगावात जन्मलीस ना?"

"मी करंजगावात कुटं जल्मले?" आई म्हणाली. "पयलं बाळतपन म्हायेरी करत्यात. मी औंढ्याला झाले. ती बी तितंच गेली."

मी स्वतः पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेले होते. माझ्या सगळ्या बहिणी, मैत्रिणी, शाळेतल्या बाया, सगळ्या सातव्या महिन्यात माहेरी गेल्या. लहान पोरालाही कळेल अशी गोष्ट. आणि मी दोन महिने करंजगाव, करंजगाव करत यंत्राच्या दिव्याची वाट बघत बसले होते.

"मग आधी सांगायचं नाही का?"

"तू इचारलं न्हाईस. तू म्हनलीस, कुटं नांदत व्हती. नांदत करंजगावातच व्हती."

पद्मजा खिडकीबाहेर बघायला लागली. मला स्वतःचाच इतका राग आला होता, की तो आईवर काढल्याशिवाय बरं वाटलं नसतं, पण तिनं डबा उघडून माझ्या हातात पोळीभाजी ठेवली. जेवल्यावर नवा अर्ज, नवी सही, पुन्हा 'अज्ञात'. नशीब एवढंच, की औंढं त्याच रिळात पुढे होतं.

आणि ते सापडलं. पद्मजाचं गिरवणारं बोट हवेतच थांबलं म्हणून मी पडद्याकडे पाहिलं. मला अर्थात ती वळवळणारी रेघच दिसत होती.

"भिमाजी याची मुलगी," पद्मजानं वाचलं. भिमाजी म्हणजे आईचे आजोबा, हे नाव आम्हाला ठाऊक होतं. "वय अठरा. बाळंतरोग."

"आणि नाव?"

"एवढंच आहे."

"नीट वाच ना!"

"राजेश्वरी, मी तीनदा वाचलं. नावाच्या जागी हेच लिहिलंय. भिमाजी याची मुलगी."

आई उठून आली. तिनं पडद्यावर बोट ठेवलं. "ह्ये?" पद्मजानं मान हलवली. आई त्या ओळीवरून बोट फिरवत राहिली. "आठरा," ती म्हणाली. "पोरच की गं."

ज्यानं ती ओळ लिहिली त्याच्याकडे वय लिहायला शाई होती, रोग लिहायला शाई होती. त्या माणसाला जाऊन कितीतरी वर्षं झाली असतील, नाहीतर मी त्याला त्या दिवशी शोधून काढला असता. परत येताना आई मागे दगडाशेजारी बसली होती. सोमाटणे फाट्याशी ती म्हणाली, "औंढ्याला जाऊ. सोपानला ठावं आसंल."

सोपान म्हणजे आईचा मामेभाऊ. औंढेकरणीचा भाऊ जानू, त्याचा हा मुलगा. आईहून चार-पाच वर्षांनी लहान. औंढ्याचं आणि आमचं जाणं-येणं लग्नापुरतंच होतं. पोर गेली म्हणून करंजगावची माणसं औंढ्याला बोल लावायची, औंढ्याची करंजगावला, आणि त्यात आईचं आजोळ तुटलं ते तुटलंच. तरी तोंड बघून ओळखण्याइतकी ओळख होती. सोमवारी शाळेला सुट्टी होती. लोणावळ्याच्या माणसाकडे चिक्की काय न्यायची, म्हणून तळेगावातून पेढे घेतले आणि निघालो.

सोपानमामांनी आईला बघून "आक्का आली, आक्का आली" म्हणत चटई झटकली. खरंच आनंद झाला होता त्यांना. चहा आला. त्यांचा मुलगा सत्यमही मोबाईल खिशात टाकून येऊन बसला. चांगला उंच, हसरा मुलगा. पाऊसपाणी झालं, गुडघे झाले. मग आईनं विचारलं.

"सोपान, माज्या आयचं नाव काय व्हतं रं?"

मामांनी बशी तोंडाशी नेली होती. ती त्यांनी परत खाली ठेवली आणि सत्यमकडे पाहिलं.

"लय जुनी गोष्ट, आक्का. आमी जल्मलो बी नव्हतो तवा."

"जानूमामा घेत आसंल की नाव. बहीन व्हती त्येची."

"बा कुटं कुनाचं नाव घ्यायचा. मला न्हाई ठावं."

"आत्या," सत्यम मधे बोलला, अगदी गोड आवाजात, "वंशावळ काढायला घेतली का? कशाला लागतीय?"

"नावाला," मी म्हणाले.

"न्हाई, म्हंजे कुटं जोडायचीय का? तलाठ्याकडं, कोर्टात?"

"कुठंही जोडायची नाही."

"मग नावाचं काय करनार?"

"हाक मारनार," आई म्हणाली.

सत्यम हसला. पण ते हसू डोळ्यांपर्यंत गेलं नाही. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला आणि डोकं तापलंही. आमच्या मावळात आता कुणी प्रेमापोटी पणजोबांची भावंडं मोजत नाही. वंशावळ निघते ती सातबाऱ्यासाठी. गेलेल्या लेकीचं नाव वंशावळीत चढलं, की तिची मुलं येतात, मुलं आली की हिस्सा आला, हिस्सा आला की हरकत. औंढ्याच्या पाठच्या उतारावर तर आता घरापेक्षा जाहिरातीचे फलक जास्त. ह्या लोकांना वाटलं, आम्ही जमीन मागायला आलो. ताकाला जाऊन भांडं लपवतोय असं त्यांना वाटलं, आणि आम्ही तर खरंच ताकालाच आलो होतो!

"मामा," मी म्हणाले, "आम्हाला तुमची गुंठाभर जमीन नको. नाव सांगा."

"राजू," मामा माझ्याकडे न बघता म्हणाले, "ठावं आसतं तर सांगितलं नस्तं व्हय?"

आईनं पदर सारखा केला आणि उठली. पेढ्यांचा पुडा तसाच चटईवर राहिला. गाडीत बसल्यावर मी तोंडाला येईल ते बोलले, सोपानमामांना, सत्यमला, तलाठ्याला, साऱ्या मावळाला. आईनं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "घाबारला त्यो. खोटं बोलताना त्येच्या मानंवर घाम आला व्हता. जानूमामाचं बी तसंच व्हायचं."

पुढे जे झालं त्याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात, आणि ते सत्यमनं केलं. त्यांच्या उताराच्या जमिनीचा बंगलेवाल्याशी व्यवहार ठरत आला होता. आम्ही येऊन गेल्यावर सत्यमला झोप येईना म्हणे. त्यानं वकिलाला विचारलं, की गेलेल्या आत्याआजीची मुलगी आली तर काय होईल? वकिलाला तोवर असली कुणी आहे हेच माहीत नव्हतं. तो म्हणाला, अशी मुलगी असेल तर तिचा हक्क लागू शकतो, तिचं हक्कसोडपत्र आणा, त्याशिवाय पुढचं बोलू नका. आम्ही नाव विचारायला गेलो नसतो, तर त्यांना आईच्या सहीची आठवणही झाली नसती.

सत्यमचा फोन आला तेव्हा संदेश माझ्याकडेच होता. स्पीकरवर सगळं ऐकलं आणि त्यानं मांडीवर थाप मारली.

"सही द्यायची नाही! आता त्यांची शेंडी आपल्या हातात आहे."

आणि माझं व संदेशचं आयुष्यात पहिल्यांदा एकमत झालं. मलाही जमीन नको होती, पण त्या लोकांना जरा नाक घासायला लावावं असं मनापासून वाटत होतं. "निदान अट घाल, आई," मी म्हणाले. "आधी नाव, मग सही."

"म्हायेराला आट घालत्यात व्हय?" आई म्हणाली. "सही देते म्हनून सांग त्येला."

"औंढ्याची जमीन आहे आई!" संदेश ओरडला. "लोणावळ्याला लागून! तुला कळतंय का?"

"मला कळतंय. माजी आय तितं आठरा वर्साची मेली. त्या जमिनीत घर बांदून मी झोपू व्हय? तू झोपशील?"

संदेश चहा न घेता निघून गेला. मी आईला नाही नाही ते बोलले. म्हटलं, तुला कुणीही गुंडाळावं. म्हटलं, ते नावसुद्धा सांगत नाहीत आणि तू त्यांना सही देतेस. म्हटलं, नवमी पंधरा दिवसांवर आली आणि आपण जिथे होतो तिथेच आहोत. आई देव्हाऱ्यापुढे टाक पुसत होती. तिनं एवढंच म्हटलं, "तू काय कमी केलं न्हाईस, राजू." त्यानं मला जास्तच वैताग आला.

वडगावच्या नोंदणी कार्यालयात आम्ही पोचलो तेव्हा सोपानमामा, सत्यम आणि त्यांचे दोन साक्षीदार बाकावर बसले होते. मामा नवी टोपी घालून आले होते. आईला बघून ते उठले, आणि तिच्या पाया पडावं की नाही हे न कळून तसेच उभे राहिले. सत्यमनं टाइप केलेला दस्त माझ्या हातात दिला. "ताई, वाचून घ्या. आत्यांना समजावून सांगा."

मी उभ्याउभ्याच वाचायला लागले. लिहून घेणार अमुक, लिहून देणार तमुक, वयं, पत्ते. मग मिळकतीचं वर्णन. आणि मग ती ओळ आली. 'कैलासवासी भिमाजी यांची मयत मुलगी', आणि त्यापुढे स्वच्छ टाइपात एक नाव, 'हिची एकुलती एक वारस कस्तुराबाई'.

"तुम्हाला माहीत होतं!"

सगळं कार्यालय माझ्याकडे वळून बघायला लागलं. मला पर्वा नव्हती. "मामा, तुम्हाला माहीत होतं! आईनं तुमच्या दारात बसून विचारलं तेव्हा तोंडात मूग धरून बसलात, आणि इथं जमीन सोडवायची म्हटल्यावर बरं आठवलं?"

"काय झालं?" आई म्हणाली.

"आई, नाव आहे ह्यात. तुझ्या आईचं नाव. हे बघ, इथं..."

आईनं हात वर केला. "तू सांगू नगंस."

"अगं, पण..."

"तू गप." तिनं माझ्या हातातला दस्त घेतला, घडी केली आणि सोपानमामांसमोर जाऊन उभी राहिली. बाकावर बसलेल्या माणसांनी तिला जागा करून दिली, पण ती बसली नाही. "सोपान, तू सांग. माज्या म्हायेरच्या तोंडून आयकायचंय मला."

मामांनी सत्यमकडे पाहिलं. सत्यमनं मोबाईल काढला होता आणि तो त्यात बघत होता. मामांची टोपी कपाळावर ओली झाली होती.

"साळू," ते म्हणाले. मग घसा खाकरून म्हणाले, "साळूबाई. पन बा साळीच म्हनायचा. शेवटाला आंथरुनावर व्हता ना, तवा आमाला वळखत न्हवता, पन साळे, साळे करून हाका मारायचा."

"साळू," आई म्हणाली.

"मग सांगितलं का नाहीत?" माझा आवाज अजून खाली यायला तयार नव्हता.

"भ्या वाटलं, राजू," मामा म्हणाले, आणि ते खरं होतं हे मला दिसत होतं, म्हणून तर जास्त संताप येत होता.

आमचा नंबर पुकारला. अधिकाऱ्यासमोर आईला खुर्चीत बसवलं. तो तरुण होता आणि सकाळपासून तेच तेच विचारून त्याचा आवाज सपाट झाला होता.

"आजी, दस्तातला मजकूर समजला?"

"व्हय."

"हक्क स्वखुशीनं सोडताय? कुणाचा दबाव?"

"न्हाई."

"विनामोबदला सोडताय असं लिहिलंय. काही मोबदला घेतलेला नाही ना?"

"मंजी काय?"

"म्हणजे हक्क सोडला त्याच्या बदल्यात ह्यांच्याकडून काही घेतलंय का?"

"घेतलं की," आई म्हणाली.

अधिकाऱ्यानं पहिल्यांदा मान वर केली. सत्यम पुढे झेपावला. "न्हाई साहेब! आत्या, काय बोलताय? साहेब, एक रुपाया दिलेला न्हाई, सगळ्यांसमोर सांगतो..."

"थांबा तुम्ही. आजी, काय घेतलं?"

"नाव घेतलं."

त्याला काय समजलं कोण जाणे. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मामांकडे पाहिलं. मामा खाली बघून टोपीनं डोळे पुसत होते. "ठीक आहे. विनामोबदला," अधिकारी म्हणाला आणि शिक्का ओढला. "अंगठा इथं ठेवा. आता समोर कॅमेऱ्याकडे बघा."

संध्याकाळी सत्यमनं दस्ताची प्रत मोबाईलवर पाठवली. मी ती संदेशला पुढे धाडली. त्याचा लगेच फोन आला. एवढी जमीन फुकट घालवली आणि फोटोसुद्धा धड काढून घेतला नाही, म्हणाला. फोटोत आईचं तोंड उघडं आहे, हे खरंच. तो चिडलेला होता, मीही अजून चिडलेलीच होते, म्हणून मी त्याला काही सांगितलं नाही. पण मी तिच्या शेजारीच उभी होते. कॅमेऱ्याकडे बघता बघता ती तिच्या आईला हाक मारत होती, नावानं.